जोतं तीन फूट वर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे — पण मान खाली घालून नाही.

धरमतर खाडीकाठच्या आमच्या गावात शेती टिकते ती मातीच्या बांधामुळे. बांध फुटला की खारं पाणी थेट भातात. म्हणून दरवर्षी घरटी एक माणूस बांधाच्या कामाला येतो, आणि ही माणसं गोळा करायचं काम माझ्याकडे. कोण डोलवीच्या कारखान्यात कुठल्या शिफ्टला, कुणाच्या घरी लग्न — मला सगळं पाठ. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकून मला कुणी अडाणी म्हणून सोडून द्यायला नको.

एका वर्षी रोह्याहून एक प्राध्यापिका सभेला आल्या. पृथ्वी तापते आहे, समुद्र चढतो आहे, यावर जगभरच्या शास्त्रज्ञांचं एकमत आहे. बांध उंच करा, असं त्यांनी नीट समजावलं. माझी चुलत जाऊ यशोदा उठली. तिचं शेत बांधाला लागूनच. म्हणाली, "बाई बरोबर सांगतात. औंदा चढवूया गो बांध."

चढवायचा म्हणजे काम दुप्पट. शिफ्ट बुडवून कोण येणार? शिव्या कोण खाणार? सगळे माझ्याकडे बघत होते — आणि मी काय केलं? हसले.

"समुद्र काय गो तुला सांगून चढतो? हे शास्त्रज्ञ आज एक बोलतात, उद्या दुसरं!"

सभा खदखदून हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "यशोदेला होडी घेऊन द्या रे!" ती खाली बसली. विषय संपला.

आता ऐका. त्याच संध्याकाळी मी माझ्या नव्या घराच्या पायावर गेले आणि गवंड्याला म्हटलं — जोतं आणखी तीन फूट चढव.

का? बाईंचा शब्द न् शब्द मला पटला होता. शंका मला कसलीच नव्हती. शंका मी नुसती वाटून दिली — इतरांना.

वास्तुशांतीला यशोदा पायऱ्या चढून दमली. "एवढं उंच कशाला गो?"

"वारा चांगला येतो," मी म्हटलं.

पुढच्या पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला, नेमका तिच्या शेतासमोर. शेत खारलं ते खारलंच. आता ती डोलवीला कंत्राटावर झाडलोट करते. गाव म्हणतं, तेव्हा कुणाला ठाऊक होतं? यशोदाही तेच म्हणते. नाही — ही सूट मला नको. मला ठाऊक होतं.

मोठ्या उधाणाला तिच्या घरात पाणी शिरतं, तेव्हा ती गोधडी घेऊन माझ्याकडे येते. परवाही आली. पाणी माझ्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं. ओटीवर बसत ती म्हणाली, "बरं झालं गो, तुला वारा लागतो."

मी तिच्या हातात चहा दिला. तीन फूट वाऱ्यासाठी नव्हते. पाण्यासाठी होते. आणि मी ते फक्त माझ्या घराला दिले.