नदीकाठची यजमानीण

इलारिया पराग्वे नदीच्या काठावरच जन्मली, आणि तिथेच तिने आपल्या नावाड्या नवऱ्याला मूठमाती दिली. पुढे स्पेन आणि पोर्तुगालचे खगोलशास्त्रज्ञ आपापल्या वसाहतींमधली हद्द आखायला तिथे उतरले, तेव्हा दोन्ही तळांची चूल तिच्याकडे आली. तोंडाची फटकळ, पण सगळ्यांची मावशी.

दोघांच्या दुर्बिणी एकाच आकाशाकडे लागायच्या, गणित मात्र ज्याच्या त्याच्या राजाकडे झुकायचं. स्पेनचा कप्तान बाल्तासार हद्द नदीपलीकडे दाखवी, पोर्तुगालचा कप्तान तेओतोनियो अलीकडे. शेवटी तडजोडीसाठी दोघे तिच्या चुलीपाशी बसले. तिने पोकळ भोपळ्यात येर्बाचा पाला भरला, कढत पाणी ओतलं आणि नळी खोचली. हा कडू काढा सगळ्यांनी एकाच नळीने प्यायचा, अशी तिथली रीत.

"आधी मला दे," तेओतोनियो म्हणाला. "मी पाहुणा आहे."

बाल्तासार टाळी वाजवून हसला. "पाहुणा? म्हणजे जमीन आमची, कबूल!"

तेओतोनियोने जीभ चावली. "छे! पाहुणे तुम्ही! घ्या, तुम्हीच आधी घ्या."

"मी कशाला? यजमान मी आहे!"

"अरे वा! यजमान मी!"

इलारियाने भोपळा आपल्याच तोंडाला लावला. नळी सुरसुरेपर्यंत ती सावकाश प्यायली. दोन साम्राज्यं तिच्या तोंडाकडे बघत बसली.

"आमच्यात पहिला घोट यजमानीण घेते," ती ओठ पुसत म्हणाली. "पाहुण्यांनो, आता बोला, कोणाला देऊ?"