अस्वलाच्या जागी खार

थर्लो मॅब्री कुठल्याही खोलीत शिरण्याआधी बूट पुसायचा, दारात पायपुसणं असो वा नसो. लॉस एंजेलिसच्या आमच्या कार्टून स्टुडिओत मी वेळापत्रकं सांभाळतो. एकतीस वर्षांत माझ्या दारातून पुष्कळ माणसं आत आली, पण बूट पुसून येणारा तो एकटाच.

ही सवय १९३० नंतरच्या मंदीच्या काळातली. तेव्हा तो फ्रेस्नो गावात दारोदार घरसफाईचे ब्रश विकत फिरायचा आणि लोक त्याच्या तोंडावर दार आपटायचे. पुढे स्टुडिओत लागल्यावर त्याने त्याचीच गोष्ट केली. ब्रश विकणारं एक अस्वल एका खडूस बोकडाचं दार वाजवत राहतं, अशी. १९३६ सालचं ते सात मिनिटांचं कार्टून चांगलं चाललं होतं.

आमच्याकडे गोष्ट लिहून देत नाहीत. दीडशे चित्रं फळ्यावर टाचायची आणि हातात छडी घेऊन सगळ्यांसमोर ती करून दाखवायची. कोणी हसलं नाही तर गोष्ट पडली. ५१ सालच्या वसंतात थर्लोच्या तीन गोष्टी लागोपाठ पडल्या. दिग्दर्शक पेनरोज वयाने त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने सरळच सांगितलं, "शुक्रवारी चौथी दाखवा. तीही पडली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." सत्तावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

थर्लोने कोठारातून अस्वलाचे जुने कागद काढले, अस्वल खोडलं आणि तिथे खार काढली. खार म्हणजे आमची सध्याची नटी, अतिशहाणी आणि चपळ. यात चोरी वगैरे काही नव्हती. उंदराची गोष्ट मांजराला आणि मांजराची कोल्ह्याला घालायची, हा स्टुडिओचा रिवाजच. वेळापत्रकातले तीन आठवडे वाचले म्हणून मी तर खूशच झालो.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने मला आणि रंगखात्यातल्या इर्मा कोव्हाल्चिकला फळा दाखवला. इर्मा अंड्याचं सँडविच खात उभी होती. मी एकदाही हसलो नाही, पण मी कधीच हसत नाही. तीही हसली नाही.

"काय गं? वाईट आहे?"

"थर्लो, हे अस्वल मी रंगवलंय. बूट पुसतं, टोपी काढतं, आणि दार नाकावर आपटतं तेव्हा तिथंच उभं राहतं. ही भवानी कशाला बूट पुसेल? ही खिडकीतून शिरून बोकडाचा नाश्ता संपवेल."

"मग बूट पुसायचं काढून टाकू?"

"मग उरलं काय? दार?"

थर्लो खाली बसला. "परवा शुक्रवार आहे, इर्मा."

"मला कॅलेंडर नको दाखवू, ते ह्यांचं काम," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली. "ज्याच्या नाकावर दार आपटतं तो तूच आहेस रे. खारीला तुझ्या जागी कशाला उभं करतोस?"

थर्लो उठला, बोकडाची चित्रं उपटली आणि खारीला घराच्या आत नेलं. दाराबाहेर पुन्हा अस्वल आलं. आता खार दार उघडायची, गोड बोलायची आणि अस्वलाचेच ब्रश अस्वलाला विकायची. त्याने साठ चित्रं नव्याने काढली. गुरुवारचं माझं वेळापत्रक कोलमडलं. मी ते नव्याने आखलं.

शुक्रवारी अस्वलाने तिसऱ्यांदा आपलाच ब्रश विकत घेऊन खारीचे आभार मानले, तेव्हा मागच्या रांगेतून हशा उठला आणि शेवटापर्यंत थांबला नाही. पेनरोजने डोळे पुसले.

"हे आपण आधी केलंय का हो?"

"पंधरा वर्षांपूर्वी, साहेब. तेव्हा खार घरात नव्हती."

"अस्वल जुनाट दिसतं. कुत्रा करा." जाता जाता दारात थांबून तो म्हणाला, "आणि सोमवारी पाचव्या गोष्टीचं बघा."

म्हणजे नोकरी राहिली. थर्लोने मान डोलावली, खोडरबर घेतलं आणि अस्वलाचे कान लांब करायला बसला.

ते कार्टून मी जवळच्या ग्लेनडेल गावातल्या थिएटरात पाहिलं. लांब कानांचा तो कुत्रा दार वाजवण्यापूर्वी आधी उजवा बूट पुसतो, मग डावा. शेजारची बाई खो खो हसत होती. मीही हसलो.