चादरीखालचं नाव

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी लिमरिकच्या माझ्या दुकानात बासमतीच्या गोण्यांवरून घाऊक व्यापाऱ्याशी भांडत होतो. फोन डेक्लनचा, आमच्या क्लबच्या कप्तानाचा. ऑफिसात बसल्या जागी हार्ट अटॅक, एवढंच तो बोलू शकला. मी गोणीवरच बसलो. माझा चेहरा पाहून व्यापारी मी मागितलेल्या दराला मुकाट तयार झाला... सौदा जिंकूनही काही वाटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

शिरीष देव मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. अमेरिकेत काही वर्षं काढून २०१४ साली इकडे आला, तो तिथल्या फुटबॉलचं वेड घेऊनच. हेल्मेटं घालून एकमेकांवर आदळतात, तो खेळ. इथल्या हौशी आयरिश पोरांच्या संघात तो जाऊन मिसळला आणि मलाही ओढून नेलं. अमेरिकेतल्या त्याच्या लाडक्या संघाची एक मानाची भिंत होती. निवृत्त थोरांची नावं स्टेडियममध्ये कायमची लागायची, भर सामन्यात मध्यंतराला नावावरचं कापड ओढलं जायचं. तेच शिरीषनं आमच्या क्लबच्या विटांच्या भिंतीवर सुरू केलं. वर्षाला एकच पाटी, तीही काम थांबवलेल्याचीच. कापड म्हणून त्याच्या आईनं दिलेली सोलापुरी चादर. ती कोणी ओढायची, हे पाटीच्या मानकऱ्यानं ठरवायचं.

पहिली पाटी जुन्या कप्तानाची लागली. पुढची, चिखलानं माखलेल्या जर्सी धुणाऱ्या मॉरीनबाईंची. त्यानंतर क्लबच्या बसच्या ड्रायव्हरची! हेल्मेटं अर्ध्या भावात मी आणली, मैदानाचं भाडं मी घासाघीस करून उतरवलं, आणि नाव ड्रायव्हरचं. मी सगळ्यांदेखत मराठीत तोफ डागली. शिरीष शांतपणे चादरीची घडी घालत राहिला.

"जगताप, भिंतीवर थांबलेल्यांची नावं जातात. तू थांबलास तर हेल्मेटं कोण आणणार?"

"म्हणजे मी फुकटचा हमाल."

"फुकटचा कसा? सामन्यांना आणतोस त्या समोशांचे पैसे घेतोस की."

पोरांना मराठी कळत नव्हतं, तरी हसली. तो राग मी मनात धरला, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता गेलेला नाही.

शिरीषचे दिवस झाल्यावर क्लबची बैठक भरली. डेक्लन म्हणाला, यंदाची पाटी तुझी, शिरीषनंच तुझं नाव सुचवलं होतं. जगताप काही थांबायचा नाही, तेव्हा नियमच मोडू या, असं तो म्हणाला होता म्हणे. शिरीषची पाटी पुढच्या वर्षी. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं ज्यासाठी भांडलो ते मिळालं, आणि भांडायला समोर माणूस नाही.

मग मी माझ्या धंद्यावर आलो. यंदा शिरीष, मी नंतर. डेक्लन म्हणाला, पण ही त्याचीच इच्छा होती. मी म्हटलं, भिंत त्याची, नियमही त्याचाच, आणि त्याचं थांबणं तर आता पक्कं झालंय. तरी तो मान हलवेना, तेव्हा सीझनभर समोसे फुकट देईन म्हटलं. सौदा झाला. पुढच्या वर्षी मी नक्की ना, असं विचारलं तर तो म्हणाला, "ग्रँड." या देशात ग्रँड म्हणजे हो, नाही आणि बघू, तिन्ही.

सामन्याच्या दिवशी चादर शिरीषच्या बायकोनं, वैदेहीवहिनींनी ओढायची, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी टोक माझ्या हातात दिलं. "भाऊजी, तुम्हीच ओढा. या भिंतीशी तुमच्याइतकं कोणी भांडलं नाही."

मी ओढली. पोरांनी हेल्मेटांवर थापा मारून मैदान दणाणून सोडलं.

चादर आता आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, धुऊन ठेवली आहे. शिरीष घालायचा तशीच घडी, दशा आत. पुढच्या वर्षी ती माझ्या नावावर पडेल. कोणी ओढायची, ते अजून ठरवलेलं नाही. पण नव्या हेल्मेटांचा भाव मात्र कालच पाडून घेतला.