बॅटरीच्या गाडीवरचं पोतं

"हे टाक आधी. मग बस."

दुकानदाराने कोपऱ्यातलं सरकीचं रिकामं पोतं ओढलं आणि माझ्याकडे फेकलं. समोर बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी. काळी मऊ गादी. ती मला एका दिवसासाठी भाड्याने हवी होती. कुबड्या काखेत, पोतं हातात, असा मी उभा. वय पंचेचाळीस. शेजारी बायको आणि चौदा वर्षांची पोरगी.

"आमच्या बाबांची बसायची जागा आहे," तो म्हणाला. "खाली पोतं असलं म्हणजे बरं राह्यते."

अर्ध्या तासापूर्वी त्याच गादीवर मी पोत्याशिवाय बसलो होतो.

आधी पायाचं सांगतो. माझा डावा पाय सरकारी नोकरासारखा आहे. रोज हजर असतो, काम करत नाही. पोलिओ. उरलेल्या पायाने शिलाई मशीन मारून मी यवतमाळात घर चालवतो. त्या वर्षांत तेही अवघड झालं होतं. कापसाचा भाव पडला होता. खेड्यातली माणसं शहरात यायची ती कचेरीत अर्ज द्यायला. कपडे शिवायची हौस कोणाला होती?

तरी नागपूरजवळच्या त्या मोठ्या पार्कात जायचं ठरलं. पाळणे, घसरगुंड्या, पाण्यातले खेळ. शाळेची सहल तिथे गेली तेव्हा पोरगी गेली नाही. बाबा आल्याशिवाय जाणार नाही म्हणाली. आता असला पार्क म्हणजे अख्ख्या गावाएवढा. कुबड्यांवर तो फिरायचा तर काखा सोलून निघतात. कोणीतरी पार्काच्या वाटेवरच्या या दुकानाचं सांगितलं. कमरेचे पट्टे, वॉकर, कुबड्या विकणारं दुकान. मालकाने म्हाताऱ्या वडिलांसाठी मुंबईहून गाडी आणली होती. वडील वारले. गाडी उरली, ती तो भाड्याने द्यायचा.

सुरुवात गोड झाली. या, बसा, पाणी घ्या. मूठ दाबली की चालते, सोडली की थांबते, असं त्याने स्वतः शिकवलं. मी दुकानात एक फेरी मारली आणि टांगलेल्या चार कुबड्या पाडल्या. पोरगी हसत सुटली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी चालण्यात बायकोच्या पुढे गेलो होतो.

मग त्याने वही काढली. नाव विचारलं. सांगितलं. आडनाव विचारलं. तेही सांगितलं. पेन थांबला. वर पाहिलं नाही त्याने. गाव विचारलं. वणीकडचं माझं गाव ऐकून म्हणाला, तिथल्या पाटलांचा कापूस आमच्या जिनिंग मिलवर यायचा. आणि तिथून पुढे माझं 'तुम्ही' संपलं.

"मंग तू कोणाकडचा?"

मी म्हणालो, "पाटलांकडचा."

एका दमात. विचार न करता.

आमच्या गावात हा प्रश्न वाटेत कोणीही विचारायचं. आमच्या वस्तीतल्या माणसाने बापाचं नाव सांगून भागत नसे. ज्याच्या वावरात राबतो त्याचं नाव सांगायचं. माझी आई पाटलांच्या वावरात कापूस वेचायची, मला धुऱ्यावर, बांधाच्या कडेला बसवून. बोलायला लागलो तेव्हाच हे उत्तर पाठ झालं. बाजारात, दवाखान्यात, शाळेत चाललं. शहरात येऊन पंचवीस वर्षं झाली तरी जिभेवरून गेलं नाही.

दुकानदाराने तिथल्या तिथे पाटलांना फोन लावला. पाटलांचा आवाज असा खणखणीत की आम्हा तिघांनाही ऐकू आला.

"हाव, तो लंगडा ना? आपल्याकडलाच आहे. गरीब आहे बिचारा. द्या त्याले."

मग ते पोतं आलं.

खरं सांगतो, मी बसणार होतो. पोतं गादीवर अंथरलंसुद्धा. कडा सारख्या केल्या. शिंप्याचा हात, सुरकुती राहू देत नाही. बायको कानाशी कुजबुजली, एक दिवसाचीच गोष्ट आहे, बसा, पोरीकडे पाहा.

मी पोरीकडे पाहिलं. ती पोत्याकडे पाहत नव्हती.

"बाबा, आजोबाचं नाव काहून नाही सांगितलं?"

माझा बाप किसन. धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्याने मेलेली ढोरं ओढणं सोडलं. पाटलाने बोलावणं धाडलं, गेला नाही. राजूरच्या खाणीत गेला, कोळसा भरला, खोकत खोकत तिथेच संपला. पण कोणाकडचा म्हणून मेला नाही. त्या माणसाने तोडलेलं मी माझ्या तोंडाने पुन्हा जोडलं होतं. त्याच्या नातीसमोर.

मला प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचतो. तेव्हा सुचला नाही. एक कुबडी घसरून पडली, ती कोणी उचलली नाही. मी पोतं ओढलं आणि त्याच्या उघड्या वहीवर ठेवलं.

"लिहा. मी किसनचा पोरगा. राजूरच्या खाणीतल्या किसनचा. पाटलांकडचा नाही. अन् पोत्यावर बसणार नाही."

"मंग गाडी नाही भेटत."

"नका देऊ."

"पाटलायले काय सांगू?"

"हेच सांगा."

पार्कात गेलो आम्ही. वीस पावलं चालायचो, बसायचो. दुपारपर्यंत काखेतून रक्त आलं. मग मी फाटकाजवळच्या भिंतीला टेकून बसलो तो पार्क बंद होईपर्यंत. पोरगी दोन पाळण्यांत बसली आणि येऊन माझ्याजवळ बसली. कोणी शाबासकी दिली नाही. मीही स्वतःला दिली नाही. उशीर झाला होता. पंचेचाळीस वर्षांचा उशीर.

आता दर उन्हाळ्यात मी त्या दुकानात जातो. गाडी अजून तिथेच उभी असते. मी माझं नाव सांगतो, बापाचं नाव सांगतो, गाडी मागतो. तो म्हणतो, बिघडली आहे. मी म्हणतो, चालू करून दाखवा. तो दाखवत नाही. गेल्या खेपेला पोरगी सोबत होती. तिने आडनावासकट सगळं मोठ्याने सांगितलं, दुकानात गिऱ्हाईक असताना.

त्याला नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणावं लागेल. दरवर्षी. मी जाणं थांबवणार नाही.