कोरड्या विहिरीतून ओली आलेली टेप

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. नोकरी भूजल मोजायची... टेपवर दिसतं तेच खरं मानणारा मी माणूस. आणि घोळ केला तो नेमका टेपनेच.

९७-९८ सालचा उन्हाळा असेल. नाशिकहून पेठकडे जाताना आत डोंगरात एका पाड्यावर माझी ड्यूटी होती. डोंगराखालून पाण्यासाठी बोगदा खणत होते. सुरुंग उडायला लागल्यापासून वरचे झरे आटत चालले होते, म्हणून दर पंधरा दिवसांनी झरे आणि विहिरी मोजून रिपोर्ट द्यायचा. पाड्यावरची जनाबाई मला मदत करायची. तिचा नवरा सोमा त्याच बोगद्यात कामाला होता.

त्या दिवशी दुपारचे बारा वाजून गेले होते. पाड्याची विहीर महिन्याभरापूर्वीच आटलेली. वरून तळ स्पष्ट दिसत होता - भेगाळलेला गाळ, वाळका पाला. नियम म्हणून टेप सोडली. वर ओढली तर... खालून नऊ फूट ओली! राखाडी, दगडाच्या भुकटीचं पाणी ठिबकत होतं. पुसून परत सोडली. परत तेच. मग एक दगड टाकला, तर तो कोरड्या मातीवर आपटल्याचा आवाज आला.

जनाबाईने ते पाणी बोटांवर चोळून पाहिलं. सोमाच्या कपड्यांना रोज असाच चिखल असतो, म्हणाली. मग एकदम, "साहेब, जीप काढा. मानसं भाईर काढाया सांगा. तुमचं ऐकतील."

मी तिलाच समजावत बसलो. कोरड्या विहिरीत पाणी लागलं, हे साईटवर जाऊन सांगू कोणाला? टेपमध्येच काहीतरी गडबड असणार. ती पदर खोचून डोंगर उतरायला लागली. मी वहीत 'कोरडी' लिहून पुढच्या झऱ्याकडे गेलो.

अडीचच्या सुमारास बोगद्यात पाणी फुटलं. जनाबाई तोंडाशी पोचली होती, पण मुकादमाने तिला आत सोडलं नव्हतं. सोमा आणि आणखी दोघे... तिसऱ्या दिवशी सापडले.

दहाव्याला गेलो होतो. तिने बसा म्हटलं, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "साहेब, तुमी बी पाह्यलं ना?"

हो म्हणालो.

नंतर बऱ्याच जाणकारांना विचारलं. कोणी दव म्हणालं, कोणी उन्हाने माझी नजर फिरली म्हणालं. पटलं काहीच नाही. टेप कशी ओली झाली, मला आजही माहीत नाही. जीप का काढली नाही, ते माहीत आहे... साईटवर लोक हसले असते.