सुलटा ठसा

पेशवाईत कसबा पेठेतल्या यज्ञेश्वर सोनाराचं काम सगळं उलटं होतं. तो टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरी. ठशात अक्षर उलटं असेल तरच नाण्यावर सुलटं उमटतं. तेही बादशहाच्या नावाचं फारसी अक्षर, ज्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. झिजलेला ठसा समोर ठेवायचा आणि त्याबरहुकूम नवा कोरायचा. वाचता न येता लिहिणारा असा कारागीर पुण्यात दुसरा नव्हता आणि त्याचा त्याला भलता ताठा होता.

पन्नाशीआधीच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हे फक्त बायकोला, सरुबाईला ठाऊक. टांकसाळीत निभावून जाई, कारण ठसा मोठा आणि नाणं लहान. कडेची अक्षरं नाण्यावर येतच नाहीत. मधलं तेवढं तो सवयीनं जपून कोरी आणि कडेला नुसते फराटे मारी. कोण बघायला जातंय?

मग दिल्लीच्या नजराण्यासाठी रुंद मोहरांचा हुकूम आला. अख्खा ठसा उमटेल एवढ्या रुंद. शिवाय सोनं बावन्नकशी. रोजच्या मोहरेत थोडं हीण मिसळलेलं असतं, त्यानं ती टणक होते. हे सोनं इतकं मऊ की केसाएवढा ओरखडाही उचलणार.

सरुबाई म्हणाली, "अहो, सांगून टाका ना, दिसत नाही म्हणून."

"सांगितलं की मी कोण उरलो? ओट्यावरचा आंधळा."

सरुबाईनं तेव्हा हट्ट धरायला हवा होता, असं मला वाटतं.

रुंद मोहरेचा जुना ठसा कधीच मोडून टाकलेला. नमुना म्हणून खजिन्यातली एक जुनी मोहर मिळाली. यज्ञेश्वर तिच्यावरून अंगठा फिरवी, अक्षराचं वळण मनात धरी आणि पोलादावर छिन्नी टेकवी. बोटं सोलली. जेवण सुटलं. देवापुढे तो डोळे नव्हे, एवढा एकच ठसा मागत होता.

ठसा वेळेत झाला. पहिली मोहर पाडली, ती फारसी लिहिणारे कारकून श्रीनिवासपंत यांनी हातात घेतली. टांकसाळीत घण थांबले.

"अक्षर सुरेख आहे," पंत म्हणाले. "एक रेघ चुकलेली नाही. फक्त वाचायला बादशहांकडे आरसाही पाठवावा लागेल."

लोक हसले. यज्ञेश्वराला कळायला क्षणभर लागला. जन्मभर ठशावरून ठसा उतरवलेल्या हातानं मोहरेवरूनही जसंच्या तसं उतरवलं होतं. ठसा सुलटा, मोहर उलटी.

"हे घ्या, तुम्हीच बघा," पंतांनी मोहर पुढे केली.

यज्ञेश्वरानं हात लांबवला. तो वीतभर बाजूला गेला, चाचपडला, रिकामाच राहिला.

हसणं थांबलं. पंतांनी मोहर त्याच्या तळहातावर ठेवली आणि हळूच विचारलं, "यज्ञेश्वर, कधीपासून दिसत नाही?"