नामामामासाठी मांडलेला पाट

आधीच सांगते, इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते चुका काढायला. कोणाला पांढरी साडी दिसली की मी मनात म्हणते, बाई, दोरीवर वाळत घातली असेल ती! देवपूजा करते, पण ‘बाहेरचं’ वगैरे प्रकार मी कधीच मानले नाहीत. त्यात मी वर्ध्याला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते — म्हणजे साध्या ओळीतसुद्धा दडलेला अर्थ शोधायचा, आणि नसला तर घालायचा, हा माझा रोजचा धंदा. जे झालं ते या धंद्यापायीच झालं.

माझं माहेर रोहण्याचं. आई तिथे माझा धाकटा भाऊ संजू आणि त्याची बायको अर्चना यांच्याजवळ राहते. संजूचं आर्वीला बी-बियाण्यांचं दुकान आहे, अर्चना जवळच्या शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी भुलाबाईचे दिवस होते… कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली संध्याकाळी भुलाबाई मांडून गाणी म्हणतात, ते दिवस. आईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ताप उतरला होता, पण छाती कमजोर होती. बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र डॉक्टरांनी घरी ठेवायला सांगितलं होतं. मी रजा टाकून गेले.

एका संध्याकाळी गल्लीतल्या मुलींची गाणी संपली आणि आई पडल्या पडल्या आपलंच एक गाणं म्हणायला लागली. मी ते कधी ऐकलं नव्हतं.

घोडा कोनाचा वं दारी, घोडा भाऊरायाचा
भाऊ आला न्यायाले, पाट मांडू नको बाई
पाट मांडू नको बाई, पानी देऊ नको बाई
आला तसा जाऊ दे, मंग रडू दे बाई

भाऊ न्यायला आलाय, आणि त्याला पाट नाही, पाणी नाही? मला अर्थ लगेच लागला, कारण गोष्ट माहीत होती. नामामामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ, आष्टीकडचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तो आईला न्यायला आला होता. घरात कापूस वेचायची घाई, म्हणून माझ्या आजीने — आईच्या सासूने — त्याला ओसरीवरूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याच हिवाळ्यात तो तापाने गेला. आईने हे मला एकदाच सांगितलं होतं, मेथी निवडता निवडता, आणि लगेच पुढची जुडी ओढली होती.

“हे सासूचं बोलणं आहे,” मी रात्री जेवताना अर्चनाला समजावलं. “सून भावासाठी तळमळते आणि सासू म्हणते, पाट मांडू नको.”

“पन ताई, सासू म्हनते असं गान्यात कुठं हाये? कोन कोनाले म्हनते, तेच नाई सांगितलं.”

“अगं, ते समजून घ्यायचं असतं.”

“मी तं जेवढं देलं तेवढंच धरतो बाप्पा. नको म्हनते, तं नको!”

आम्ही दोघी हसलो. गणितवाल्यांना कविता शिकवणं म्हणजे डोकेफोड, असं मी तिला म्हटलंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी आणि आई दोघीच. आईची खाट आतल्या खोलीत, पण तिथून ओसरी सरळ दिसते. मी मोसंबी सोलत होते.

“माय, नामा आला पाह्य,” आई म्हणाली. “कवाचा उभा हाये.”

ओसरी रिकामी होती. आजारपणात जुनं आठवतं, त्यात नवल नाही. पण माझ्यातली मराठीची बाई जागी झाली ना! मला वाटलं, आजीने जे केलं नाही ते आपण करावं. आईची इतक्या वर्षांची सल निघेल. मी देवघराजवळचा पाट आणून ओसरीवर भिंतीशी मांडला. पितळी गडवा काठोकाठ भरून शेजारी ठेवला, थोडं सांडलं ते पुसून घेतलं. आणि मोठ्याने म्हटलं, “मामा, बसा. पाणी घ्या.” खोटं कशाला बोलू, स्वतःचं मोठं कौतुक वाटत होतं मला.

आई हसली. असं हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

“बसला,” ती म्हणाली.

मग ती बोलायला लागली. ओसरीकडे बघून मान हलवायची, थांबायची, पुन्हा बोलायची. “हो रे… येतो ना… लुगडं तं बदलू दे.” मला आधी बरं वाटलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “माय, माही पिशवी भर. निघाचं हाये.”

मी तिचा हात धरला… गार. बोटाला यंत्र लावलं तर आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता. बोट बदललं, तरी तेच. संजूला फोन केला.

“मी गाडी घेऊन निघालो. तू तिले बोलतं ठेव,” तो म्हणाला.

बोलत तर ती होतीच. माझ्याशी बोलत नव्हती.

तेवढ्यात अर्चनाची स्कूटी अंगणात आली. ती ओसरी चढली आणि तिथेच थांबली.

“ताई, हा पाट कोनासाठी?”

मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

“काल म्हटलं ना मी तुमाले… गान्यात नको म्हनते!”

“अगं, ही वेळ आहे का गाण्याची?”

“मंग मांडला काऊन तुम्ही?”

आत आईचा श्वास मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. आणि मी, त्या अवस्थेत, दारात उभी राहून ओळीचा अर्थ लावत होते! हे सासूचं बोलणं असेल, तर पाट उचलणं म्हणजे आजीने केलं तेच पुन्हा करणं. पण हे गाण्यातल्या सुनेचंच स्वतःला सांगणं असेल तर? भाऊ कुठे न्यायला आलाय हे तिला माहीत असेल तर? दोन्ही अर्थ तितकेच बसत होते. आईने उठून बसायचा प्रयत्न केला, पाय खाटेखाली सोडले, तेव्हा मी ओरडले, “उचल तो पाट!”

अर्चनाने पाट उचलला आणि दचकून टाकून दिला.

“गरम हाये ताई.”

मी हात लावून पाहिला. आत्ताच कोणी उठून गेल्यावर बसायची जागा असते, तसा तो कोमट होता. आमच्या ओसरीच्या त्या कोपऱ्यात ऊन कधीच येत नाही. अर्चनाने ओढणीत धरून तो पुन्हा उचलला आणि अंगणात नेऊन ठेवला. मी गडवा उचलला. तो आतून कोरडा होता.

“अवं, उठवला काऊन त्याले!” आतून आई किंचाळली. आणि रडायला लागली. हुंदके देऊन, खोकत, लहान पोरीसारखी. मी धावत जाऊन तिला मिठीत घेतलं. यंत्र अर्चनानेच लावलं. आकडा हळूहळू वर चढत होता.

संजू आला, आम्ही तिला वर्ध्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ अडकला असेल, रडण्याखोकण्याने मोकळा झाला… होतं असं. असेलही. ते मला पटतं. पाटाचं मात्र मी त्यांना विचारलं नाही. काय विचारणार?

आई आता ठणठणीत आहे. स्वयंपाकात लुडबुड करते, अर्चनाला बोलणी ऐकवते. ते गाणं आपल्याला येतच नाही, असं म्हणते. मध्यंतरी मी गेले होते तेव्हा आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. आई एकदम म्हणाली, “त्या दिवशी तू पाट मांडला, लय बरं केलं माय. पन उचलला कोनं?”

अर्चना गॅसपाशी पाठमोरी उभी होती. तिने गॅस बारीक केला.

“कोणी नाही आई,” मी म्हटलं. “तो आपणच उठून गेला.”

आईने पदराला हात पुसले.

“मले घेतल्याबिगर तो उठत नाई,” ती म्हणाली, आणि देवघरात निघून गेली.

आई आमच्याजवळ आहे याचा आनंद मला रोज होतो, तो कोणी काढून घेऊ शकत नाही. पण तिचा भाऊ आमच्या दारातून पुन्हा एकदा तिला न घेताच परत गेला, असंही वाटतं. निदान या खेपेला पाणी पिऊन गेला, अशी मी मनाची समजूत घालते… आणि मग स्वतःच दचकते, की मी हे खरं धरून चालले आहे. खरं काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही.